चौदा किलो

सरोजिनी वर्तक आमच्या हायस्कूलच्या ऑफिसात एकवीस वर्षं क्लार्क आहे. शाळा दिघीच्या बाजूला आणि तिचं घर खाडीच्या अलीकडे, मुरुडजवळ एका सुपारीच्या वाडीत. रोज सकाळी ती स्कूटरने आगरदांड्याच्या जेट्टीवर येते आणि फेरीबोटीत चढते. मीही त्याच बोटीने विज्ञान शिकवायला जाते, म्हणून हे सगळं मी जवळून पाहिलं.

तिने लग्न केलं नाही. आईवडील गेल्यावर घरात धाकटा भाऊ देवव्रत, त्याची बायको अनुया, त्यांची मुलगी प्राप्ती आणि ही. देवव्रत वाडी बघायचा, सरोजिनीचा पगार घरात यायचा, असं बरं चाललेलं होतं. तिला खायला मनापासून आवडायचं. नारळाच्या रसातले शिरवळे असोत, ओल्या काजूची उसळ असो की आदल्या दिवशीचं मुरलेलं बांगड्याचं तिखलं, ती सावकाश, चवीने जेवायची आणि बघणाऱ्याला भूक लागायची. तिच्या डब्यावर आमची सगळी स्टाफरूम टपलेली असे. दिवसभर खुर्ची, येताजाता स्कूटर आणि बोट. पंचेचाळिशीनंतर वजन वाढत गेलं, पण त्याचं तिला काही वाटत नव्हतं. चौऱ्याऐंशी किलोला ती सुखी होती.

पाच पावसाळ्यांपूर्वी देवव्रतचे पाय सुजायला लागले. रक्तदाब बरीच वर्षं होता आणि गोळ्या त्याने कधी नेमाने घेतल्या नव्हत्या. मुंबईला तपासण्या झाल्या तेव्हा दोन्ही किडन्या जवळजवळ निकामी झाल्याचं कळलं. मग आठवड्यातून तीन दिवस अलिबागला डायलिसिस. सकाळी निघायचं आणि दिवस कलताना परत. आल्यावर तो ओटीवर आडवा व्हायचा आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत माणसात नसायचा. दिवसाला चहा धरून एक लिटर पाणी, त्याहून थेंब जास्त नाही. शहाळं तर पूर्ण बंद. ज्याच्या वाडीत सव्वाशे माड आहेत त्याने शहाळ्याला हात लावायचा नाही.

किडनी बदलणं हाच उपाय होता. अनुयाचा रक्तगट जुळेना. सरोजिनीचा जुळला. ती मुंबईच्या डॉक्टरांसमोर बसली आणि म्हणाली, घ्या. डॉक्टर मध्यमवयीन, बोलायला शांत होते. त्यांनी तिची उंची आणि वजन बघितलं, रक्तातल्या साखरेचा रिपोर्ट बघितला आणि कागद बाजूला ठेवला. साखर काठावर होती, मधुमेहाच्या अलीकडे जेमतेम. त्यांनी समजावून सांगितलं की या वजनात किडनी दिली तर उद्या तुम्हालाच मधुमेह होईल, मग उरलेली किडनीही धोक्यात. सत्तर किलोपर्यंत या, साखर खाली आणा, मग आपण पुढे जाऊ.

हॉस्पिटलातल्या आहारतज्ज्ञ मुलीने एक छापील तक्ता दिला होता. त्यात ओट्स, ब्रोकोली आणि बदामाचं दूध होतं. सरोजिनीने तो दोनदा वाचला, घडी घालून कपाटात ठेवला आणि जे दारात मिळतं त्यातून आपलं जेवण बांधलं. सकाळी नाचणीची भाकरी आणि शेवग्याचा पाला. दुपारी कुळथाचं कढण, काकडी, एक वाटी भात. रात्री सातच्या आत मासा किंवा मोड आलेली कडधान्यं, भात नाही. खोबरं नावाला, तळलेलं बंद, साखर बंद. आयुष्यभर ज्या जिभेने तिला सुख दिलं, तिला तिने एका सोमवारी गप्प बसवलं.

आणि चालणं. पावणेसहाला ती किनाऱ्याकडे निघायची. पहिल्या आठवड्यात गुडघे इतके दुखायचे की बोटीत बाकावर बसताना ती कठड्याला धरून बसायची. कोरड्या वाळूत पाय रुततात म्हणून पाण्याच्या कडेने, ओल्या घट्ट वाळूतून चालायचं हे तिचं तिनेच शोधून काढलं. आमच्या शाळेचे पीटीचे रामचंद्र सर निवृत्तीला आले होते. त्यांनी तिला खुर्चीवरून हात न टेकता उठायचं आणि बसायचं शिकवलं, आधी दहा वेळा, मग वीस. पाण्याने भरलेल्या दोन बाटल्या हातात घेऊन खांद्याचे व्यायाम शिकवले. नुसतं उपाशी राहिलात तर अंगातली ताकद जाईल आणि चरबी तिथेच राहील, असं ते म्हणायचे. मधल्या सुट्टीत ऑफिसचं दार लोटून ती हे करायची. आम्ही आत जात नसू.

पहिल्या दोन महिन्यांत सहा किलो गेले. शाळेत सगळ्यांनी कौतुक केलं. त्यानंतर दोन किलोंसाठी आणखी तीन महिने लागले, आणि पुढे काटा हलेना. शहात्तर. तेच खाणं, तेवढंच चालणं, तरी शहात्तर.

घरात वजनकाटा मधल्या खोलीत ठेवलेला होता. दर रविवारी अंघोळीनंतर ती त्यावर उभी राहायची आणि घर थांबायचं. अनुया स्वयंपाकघराच्या दारात यायची. देवव्रत वर्तमानपत्र तोंडासमोर धरायचा. प्राप्ती दहावीत होती, तिला काय विचारावं आणि काय नाही याचा पाचपोच नव्हता. ती सरळ विचारायची, आत्या, किती झालं? शेजारीपाजारीही विचारायचे. वाटेत भेटलेला माणूस आधी तिच्या पोटाकडे बघायचा आणि मग देवव्रत कसा आहे असं विचारायचा.

जेवताना तर फारच कठीण व्हायचं. भाऊ समोर बसून पाणी मोजून प्यायचा, ही घास मोजून खायची. त्याची तहान बघितली की आपल्या भुकेची तिला लाज वाटायची. तरी भूक लागायचीच. भाताची वाटी भरताना अनुयाचा हात थबकायचा, आणि तो थबकलेला हात सरोजिनीला दिवसभर दिसत राहायचा.

मार्गशीर्षातला एक शनिवार मला आठवतो. अर्धी शाळा आटोपून आम्ही आगरदांड्याला उतरलो होतो. जेट्टीवरच्या टपरीत वडे तळणं चालू होतं. सरोजिनी स्कूटरकडे जायच्या ऐवजी टपरीकडे वळली. चार वडे घेतले, चिंचेची चटणी घेतली आणि मागच्या बाजूला सुकायला घातलेल्या जाळ्यांपाशी उभी राहून तिने ते एकामागून एक खाल्ले. तिला चव लागत होती असं मला वाटलं नाही. मी शेजारी नुसती उभी होते. कागदाचा बोळा करून तो हातात धरून ती म्हणाली,

"बाई, हे वजन माझं राहिलंच नाही. घरातल्या सगळ्यांचं झालंय. मी एक घास जास्त खाल्ला तर तो देवाच्या अंगातून जातो असं सगळ्यांना वाटतं. मलाही वाटतं."

देवा म्हणजे देवव्रत. मी तिला सांगितलं की चार वड्यांनी काही होत नाही. ते खरं होतं, पण तिला त्याचा काही उपयोग नव्हता.

त्या संध्याकाळी तिने घरी जाऊन आपणहून सांगितलं की मी वडे खाल्ले. देवव्रत म्हणाला, राहू दे ताई, नको करूस हे, माझं जे व्हायचं ते होईल. त्यावर ती चिडली. तू असं म्हणालास की माझ्या डोक्यावर आणखी एक ओझं चढतं, असं तिने त्याला सुनावलं. मग तिने सगळ्यांना सांगितलं की काटा मी माझ्या खोलीत नेते, महिन्यातून एकदाच वजन करीन आणि मी होऊन सांगितलं तरच ते कळेल. जेवणही मी माझं वाढून घेईन. माझ्या ताटाकडे कुणी बघायचं नाही.

अनुया रडायला लागली. म्हणाली, "मी तुमच्या ताटाकडे नाही हो बघत ताई. मी ह्यांच्याकडे बघते, आणि मध्ये तुमचं ताट येतं."

हे सरोजिनीने मला सोमवारी बोटीत सांगितलं. अनुयाचा तिला राग आला नव्हता. पण काटा तिने नेलाच.

मग महिने गेले. त्या महिन्यांबद्दल सांगण्यासारखं फार नाही. ती चालली, उठली, बसली, भाकरी खाल्ली. रामचंद्र सरांनी बाटल्यांच्या जागी वाळूच्या पिशव्या आणल्या. काटा पुन्हा हलला, कधी अर्धा किलो खाली, कधी पाव किलो वर. देवव्रत दोनदा दवाखान्यात भरती झाला, एकदा छातीत पाणी झालं म्हणून. त्या दिवसांतही ती पहाटे चालून मगच त्याला बघायला गेली, आणि लोकांनी ते बोलूनही दाखवलं. सुरुवातीपासून चौदा महिने झाले तेव्हा ती सत्तरावर आली. किलोला एक महिना, असा हिशोब तिने मला सांगितला. आवाजात आनंद नव्हता. ब्लाउज सगळे आत घेऊन झाले होते, चेहरा ओढलेला दिसत होता आणि तिला फक्त झोपायचं होतं.

साखर खाली आली होती. डॉक्टरांनी पुढच्या तपासण्या लावल्या. मग हॉस्पिटलच्या समितीसमोर बसवलं. तिथे एका बाईंनी विचारलं की तुमच्यावर कुणाचा दबाव आहे का. सरोजिनीने नाही म्हणून सांगितलं आणि सही केली. नंतर मला म्हणाली, "कुणी एका शब्दाने मला दे म्हटलं नव्हतं, हे खरंच आहे. पण नाही देत म्हणायला जागा होती का, ते मी त्या खुर्चीवर बसेपर्यंत स्वतःला विचारलं नव्हतं. आणि मग वाटलं, आता विचारून काय करू. मला तो जगायला हवाय."

जानेवारीत ऑपरेशन झालं. तिची डावी किडनी त्याच्या पोटात बसली आणि टेबलावरच कामाला लागली. पाचव्या दिवशी ती घरी आली, तो तीन आठवड्यांनी. ज्या दिवशी त्याने तांब्याभर पाणी एका दमात प्यायलं, त्या दिवशी अनुयाने देवापुढे साखर ठेवली आणि सगळे शेजारीपाजारी बघायला आले.

लोकांना गोष्ट इथे संपलीशी वाटली. सरोजिनीची संपली नव्हती. आता एकच किडनी. मीठ कमी, साखर काठाच्या खाली ठेवायची, वजन वर जाऊ द्यायचं नाही, तेही जन्मभर. आधी निदान आकडा होता, त्याच्या पलीकडे भाऊ होता. आता चालायचं ते कशासाठी, तर काही होऊ नये म्हणून. आणि आता कुणी विचारत नव्हतं. प्राप्ती कॉलेजला गेली होती. कौतुकाला कुणी नव्हतं, नजर ठेवायला कुणी नव्हतं, आणि तिला त्या नजरांची आठवण यावी याचं तिलाच आश्चर्य वाटायचं.

तिकडे देवव्रतला भूक सुटली. किडनी टिकावी म्हणून दिलेल्या गोळ्यांनी तसं होतं, चेहरा गोल होतो, सारखं खावंसं वाटतं. अनुया दोन वर्षं त्याला मोजून वाढत आली होती. आता ती हात न थबकता वाढायची. वर्षाभरात तो अकरा किलोंनी वाढला. एका रविवारी त्याने तिसऱ्यांदा भात घेतला तेव्हा सरोजिनी अर्ध्या भाकरीवरून उठली आणि मागच्या पडवीत जाऊन बसली. थोड्या वेळाने तो मागून आला. ताई, बोल काय ते, म्हणाला.

"काही नाही बोलायचं," ती म्हणाली. "माझ्या ताटाकडे कुणी बघितलेलं मला सोसलं नाही. मी तुझ्याकडे बघणार नाही. पण दमलेय रे मी."

तो म्हणाला की दोन वर्षं मी पाणी मोजलं, आता कुणी मोजायचं नाव काढलं की अंगावर काटा येतो. तिला ते पटलं. तिला पटलं म्हणून तिचा थकवा काही कमी झाला नाही.

गेल्या जूनमध्ये दोघांची तपासणी एकाच दिवशी होती. तिला डॉक्टरांनी चार मिनिटांत मोकळं केलं. सगळं उत्तम आहे, असंच चालू ठेवा. वजन बहात्तर होतं, त्यावर ते काही बोलले नाहीत. देवव्रत आत पाऊण तास होता. बाहेर आला तो तोंड पाडून. किडनी चांगली चालली होती, पण साखर चढायला लागली होती आणि निदान आठ किलो उतरवा असं सांगितलं होतं. घरी येईपर्यंत तो खिडकीबाहेर बघत होता. फाटकाशी उतरताना त्याने विचारलं, सकाळी किती वाजता निघतेस?

पावणेसहाला, तिने सांगितलं.

चार दिवस तो गेला तिच्याबरोबर. मध्ये दोनदा थांबून धापा टाकल्या, तिने पाऊल आवरतं घेतलं. पाचव्या दिवशी उठला नाही. मग आठवड्यातून दोनदा, कधी एकदा, असं चालू आहे. दोन किलो उतरलेत म्हणे. भात तिसऱ्यांदा घेत नाही, दुसऱ्यांदा घेतो.

परवा मी तिला विचारलं, की आता तरी सोपं जातं का. नाही, ती म्हणाली, सवय होते असं सगळे सांगतात, पण मला अजून रोज भूक लागते.

ती त्याला उठवायला जात नाही. पहाटे चपला घातल्यावर पायरीवर दोन मिनिटं उभी राहते, त्याच्या खोलीतला दिवा लागतो का बघते आणि मग निघते.