शेवटच्या पानावरची शाई

पोथीवरची ती शाई माझी होती. गावंडे सरांची नव्हती.

आज सरांना जाऊन एक वर्ष झालं. हे मी त्यांच्या जिवंतपणी सांगायला पाहिजे होतं.

मी सातवी शिकलेला माणूस. मोर्शीजवळ आमचा फुलांचा मळा. राजापेठेत हातगाडीवर झेंडू-शेवंती विकण्यात आयुष्य गेलं. फोनवर एकेक अक्षर शोधून लिहितो आहे. चुका असतील. सांभाळून घ्या.

माझी गाडी लागायची त्याच गल्लीत सर राहायचे. शाळेतून रिटायर झालेले. जुन्या पोथ्यांचं वेड. रोज सकाळी दोन हार घ्यायचे आणि अर्धा तास बोलायचे.

एकदा मी सहज बोलून गेलो, आमच्या देवघरात पण एक पोथी आहे. लाल फडक्यात बांधलेली. वाचून कोणालेच समजत नाही, नुसती पूजा करतो.

सरांनी घेतलेला हार परत गाडीवर ठेवला.

"भाऊ, इतके वर्षं मले फुलं विकून राहिले, अन् हे आज सांगता?"

दुसऱ्या दिवशी सर स्कूटरवर मळ्यातल्या घरी हजर.

शेवटच्या पानावर नक्कल करणाऱ्याचं नाव आणि शक लिहिलेला होता. ते वाचून सर जमिनीवरच बसले.

"चारशे वर्षं जुनी आहे भाऊ! तुमच्या घरात!"

मी घाबरलो. "सरकार नेईन का सर?"

"तुमालेच नेईन. पोथी राहू देईन."

सर हसले. मला हसू आलं नाही. तेव्हापासून ते वाक्य माझ्या पोटात बसलं.

आमच्या घरची एक रीत होती. दसऱ्याला पोथी सोडायची, हळदकुंकू वाहायचं, आणि जी अक्षरं फिकी पडली ती गिरवायची. मारुतीला शेंदूर चढवतो तसं. वडील म्हणायचे, "अक्षर विझू द्यायचं नाही." ते बोरूने गिरवायचे. मला बोरू जमत नव्हता. मी मोर्शीतून काळ्या शाईची दौत आणली आणि पेनाने गिरवलं.

शेवटचं पान सर्वांत फिकं होतं. कुंकवाचं बोट तिथंच लागायचं ना. म्हणून त्या पानावर माझी मेहनत सर्वांत जास्त.

सरांना तेव्हा मोतीबिंदू होता. त्यांना जुनं-नवं कळलं नाही. त्यांनी लेख लिहिला. अकोल्याला जाणकारांची सभा ठरली. सर मलाही घेऊन गेले. "पोथीचा मालक पुढं बसला पाहिजे."

मी तिसऱ्या रांगेत बसलो.

एका तज्ज्ञाने भिंग लावून पाहिलं. बराच वेळ. मग म्हणाले, "कागद जुना असेल. पण या पानावरची शाई आजकालची आहे. शक नंतर कोणीतरी लिहिला."

मागून कोणीतरी बोललं, "मास्तरनं पेपर काढला, मास्तरनंच सोडवला."

सगळे हसले.

सर माझ्याकडे वळले. "अंबादासभाऊ, घरी कोनं हात लावला का हो याले?"

माझ्या तोंडून निघालं, "नाही सर. कोनीच नाही."

का बोललो? भीती, दुसरं काय. जुन्या वस्तूला हात लावला तर जेल होते असं कोणीतरी सांगितलं होतं. मला जेल दिसत होतं. समोर सर उभे होते, ते दिसले नाहीत.

येताना मूर्तिजापूरला बस थांबली. मी विचारलं, "शाईवरून खरंच समजते का सर?"

"समजते ना. घरच्या मानसानं भक्तीनं गिरवलं असंन, तर तेही समजून घेतात. पन कोनं सांगाले तर पाह्यजे."

दार उघडून दिलं होतं माणसाने. मी म्हटलं, "सर, लघवीला जाऊन येतो."

पोथी मी त्यांच्याकडेच ठेवली. घरी न्यायची हिंमत नव्हती. सरांचा लेख नंतर कोणी छापला नाही. पोथीचं नाव निघालं की लोक एकमेकांकडे पाहायचे. मी हे गाडीवरून पाहायचो आणि हार ओवायचो.

पुढे त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. एक दिवस गाडीवरची माझ्या हाताची पाटी, 'ताजे हार मिळतील', वाचत ते कितीतरी वेळ उभे राहिले.

"अक्षर लई चांगलं आहे भाऊ तुमचं."

मी खूश झालो. मूर्ख.

ओळ संपली की वरची रेघ उचलून वाकडी करायची माझी शाळेपासूनची सवय. पाटीवर तशी. शेवटच्या पानावरही तशीच.

सर गेल्यावर त्यांच्या पत्नीने, वहिनींनी, पोथी परत दिली. आत सरांच्या हातची चिठ्ठी होती.

"शेवटचे पान घरच्या माणसाने श्रद्धेने गिरवले आहे. खाली मूळ शाई दिसते. नाव विचारू नये. भाऊ फार घाबरतो."

मी वहिनींना विचारलं, "सरांनी हे अकोल्याले काहून नाही पाठवलं?"

वहिनी म्हणाल्या, "म्या पन तेच म्हटलं. तर म्हने, भाऊ सोताच येईन सांगाले. थांबू."

ऑपरेशननंतर रोज सकाळी दोन हार घेऊन अर्धा तास ते मी सांगावं म्हणून थांबत होते. मला वाटायचं गप्पा मारतात.

त्यानंतरही मी जवळजवळ एक वर्ष घेतलं. आता तरी माझ्यात दम आला असं समजू नका. हे पण तीनदा लिहून खोडलं.

उद्या पोथी घेऊन अकोल्याला जातो. सभेतल्या त्या जाणकारांना फोन करून सांगितलं आहे. सोबत तोच पेन, तीच दौत. त्यांच्यासमोर कोऱ्या कागदावर शेवटच्या पानाची ती ओळ लिहून दाखवतो. पोथी चारशे वर्षांची आहे की नाही ते त्यांनी ठरवावं. सर खोटे नव्हते एवढं मी ठरवून येतो.

त्या दिवशी हसलेले कोणी हे वाचत असतील, तर उद्या या.

सर, आज गाडीवर दोन हार बांधून ठेवले होते. तुमच्या वेळेला. मग वहिनींकडे देऊन आलो.

भावपूर्ण म्हणायची माझी लायकी नाही. नुसती श्रद्धांजली घ्या सर.