जिन्याखालची दुधाची वाटी

आज सकाळी जिन्याखाली पुन्हा दुधाची वाटी दिसली आणि माझं डोकंच फिरलं. वाटीशेजारी मांजराचं पिल्लू शेपटीपर्यंत घाणीने बरबटून पडलं होतं. मुठीएवढा जीव, आईचा पत्ता नाही. जनावरांच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, "गाईम्हशीचं दूध याला पचत नाही, त्यानेच जुलाब होतायत. पिल्लांची पावडर पाण्यात कालवून द्या, दुसरं काही नको." मी दारोदार जाऊन हे सांगितलं होतं. सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या.

वाटी वरच्या मजल्यावरच्या मालतीकाकूंची. "मांजराला दूध पचत नाही, असं कुठे असतं का गं? आज गुरुवार, मुक्या जीवाच्या तोंडी दोन घोट जाऊ देत." वर त्या दुधात साखरही घातलेली!

मी दूध मोरीत ओतलं, तर काकू अशा बघत राहिल्या, जणू मीच पिल्लाच्या तोंडचा घास काढला. असल्या मायेची मला चीड येते. देणाऱ्याचं मन भरलं की ती दार लावून घेते. मग खालची घाण कोण पुसतं, ड्रॉपरने थेंब थेंब पाणी कोण पाजतं, हे बघायला ती येत नाही. आजाऱ्यालाही आपण असंच, "माझ्यासाठी एक घास" म्हणत छळतो.

संध्याकाळी पिल्लू माझ्या मांडीवर मान टाकून होतं. काकू पायरीवर थांबल्या. त्यांचे डोळे खरोखर भरून आले.

"किती गं अशक्त झालंय," त्या म्हणाल्या. "थांब, दूध आणते."