करडईला दिलेलं दुसरं पाणी

हे मी आईलाही सांगितलेलं नाही. सांगायला बसते आणि दुसरंच काहीतरी बोलून उठते. आज तरी नीट सांगता येईल का?

यवतमाळजवळच्या एका प्रक्षेत्रावर प्रबंधासाठी माझा करडईचा प्रयोग होता. काही वाफे कोरडे ठेवायचे, काहींना फुलावर असताना एक पाणी. गंधकाचं खतही कमीजास्त. कशाने दाणा भरतो, कशाने तेल वाढतं, ते पाहायचं. पाणी द्यायला जमनाकाकू होत्या, बाजूच्या तांड्यावरच्या. त्यांना वाचता येत नव्हतं. आणि मी — इंग्रजी शाळेत शिकलेली — मला त्यांच्याशी चार वाक्यं बोलायचीही भीती वाटायची. म्हणून युक्ती काढली: ज्या वाफ्याला पाणी द्यायचं, त्याच्या खुंटीला लाल चिंधी. बोलायलाच नको.

पाणी दोन दिवसांत द्यायचं होतं, अर्ध्या वाफ्यांना आज, उरलेल्यांना उद्या. दुसऱ्या दिवशी मी समोरच्या बाजूच्या धुऱ्यावरून, बांधावरून, शेतात शिरले. हातातला वाफ्यांचा नकाशा फिरवायचा राहिला, तो उलटाच वाचला. चिंध्या बांधून टाकल्या.

काकू थबकल्या. "ताई, ह्याईले तं काल देल्लं. आज पुन्हा कायले?"

मी कागदावर बोट ठेवलं. "यात असंच आहे."

"तहान कागदाले लागली का करडईले?" त्या हसल्या. "काळी जमीन हाय, बाप्पा. मर लागंन, उभी वाळंन."

मला त्या हसण्याचा राग आला होता का? — नाही, ही आत्ता शोधलेली सबब. मला फक्त तिथून निघायचं होतं. "द्या," म्हटलं.

पंधरा दिवसांत ते वाफे उभेच्या उभे वाळले. ज्यांना पाणी पोचलंच नाही, त्यांत गंधक घालूनही दाणा पोचट. माझे मार्गदर्शक सर पाहायला येणार होते, त्या सकाळी मी लवकर गेले. आणि — हेच मला सांगायचं होतं — सगळ्या चिंध्या सोडून पिशवीत भरल्या.

"पाणी कुणी दिलं?" सरांनी विचारलं.

"जमनाकाकूंनी," मी म्हटलं. खोटं नव्हतं ना ते?

"चिंधी होती तिथंच देल्लं, साहेब," काकू म्हणाल्या. सरांनी खुंट्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी वहीत काहीतरी लिहीत राहिले. सोमवारपासून त्यांच्या जागी दुसऱ्या बाई आल्या. प्रबंधात मी एक स्वच्छ इंग्रजी ओळ लिहिली: मजुराच्या चुकीमुळे हे वाफे वगळले आहेत.

मागच्या महिन्यात पुसदच्या बसस्टँडवर काकू भेटल्या. त्यांनीच हाक मारली.

"पास झाल्या न, ताई?"

मी मान डोलावली.

"माह्या हातानं मेले तुमचे ते वाफे. माहीच नजर चुकली असंन. अजून वाईट वाटते मले."

मी म्हटलं, "असू द्या, काकू."

त्यांना बरं वाटलं. मी त्यांना माफ केलं होतं.