पहिला व्हॉल्व्ह लॉबीत ठेवायचा होता

“मॅडम, हा बसत नाय.”

साखर कारखान्याचे चीफ इंजिनीअर बनकर साहेब पाइपाच्या दोन तोंडांमधली जागा टेपनं मोजत होते. आमचा नवाकोरा व्हॉल्व्ह क्रेनला लटकत होता. जागेपेक्षा तो चांगला चार बोटं लांब होता.

“पाइप थोडा कापला तर?” मी विचारलं.

“वाफेचा पाइप हाय हा. कापून वेल्डिंग करायचं म्हणजे बॉयलर इन्स्पेक्टरची परवानगी आली, परत सगळं टेस्टिंग आलं. परवा बॉयलरचं अग्निप्रदीपन, हंगामाचा पहिला जाळ. पत्रिका वाटून झाल्यात, चेअरमन सपत्नीक पूजेला बसणार. तुम्ही आमचा जुना व्हॉल्व्ह आणून द्या, बास!”

मी वाळूजच्या एका व्हॉल्व्ह कंपनीत सर्व्हिस विभाग बघते. व्हॉल्व्ह म्हणजे घरातल्या तोटीचा दांडगा भाऊ. तोटी गळली तर फार तर बादली भरते. वाफेचा व्हॉल्व्ह बंद करूनही गळत राहिला, तर पलीकडे पाइप उघडून काम करणारा माणूस भाजतो. म्हणून आमच्या धंद्यात ‘थोडासा गळतो’ असं काही नसतं.

हे सगळं रामायण झालं ते आमचे एमडी विवेक सर यांच्या हौसेपायी. कंपनीची नवी लॉबी झाली होती. तिथं कंपनीचा इतिहास मांडायचा होता, आणि मधोमध संगमरवरी चौथऱ्यावर कंपनीनं विकलेला पहिला व्हॉल्व्ह ठेवायचा होता. कंपनी त्यांच्या वडिलांनी, अण्णांनी, चिकलठाण्याच्या एका भाड्याच्या शेडमध्ये सुरू केली. पहिला व्हॉल्व्ह गेला होता कन्नड तालुक्यातल्या या साखर कारखान्यात. चौकशी केली तर कळलं, तो अजून तिथंच आहे. भंगारात नाही, गोडाऊनमध्ये नाही, मुख्य वाफेच्या लाइनवर.

मी बघायला गेले तेव्हा माझा विश्वासच बसेना. अंगावर रंगाचे थरावर थर चढलेले, कंपनीचं नाव त्याखाली बुजलेलं. पण चाक एका हातानं फिरत होतं. माझ्या जन्माआधीपासून हा व्हॉल्व्ह दर गळीत हंगामात वाफ अडवत आणि सोडत आला होता.

“चालतंय की! काढायचं कशाला?” बनकर साहेब तेव्हाच म्हणाले होते. पण आम्ही त्या बदल्यात नवा व्हॉल्व्ह मोफत देणार होतो. फुकट ते पौष्टिक, चेअरमननी मान डोलावली. हंगाम संपल्यावर जुना आमच्याकडे आला. शॉपमधल्या, म्हणजे आमच्या वर्कशॉपमधल्या पोरांनी तो सगळा खोलला, चकाचक केला, पुन्हा जोडला, निळा रंग दिला आणि चौथऱ्यावर ठेवला. सगळ्यांनी त्याच्यासोबत सेल्फी काढले.

नवा व्हॉल्व्ह आम्ही आजच्या स्टँडर्डप्रमाणे बनवला. जुन्याची लांबी तीच असणार, असं डिझाइनवाल्यांनी धरून टाकलं. पण शेडमध्ये बसलेल्या अण्णांना कुठलं आलंय स्टँडर्ड? त्यांनी पाइपाच्या दोन तोंडांमधली जागा मोजली आणि तेवढा व्हॉल्व्ह केला.

मी कन्नडहून फोन केला. मी वाळूजला परत पोचेपर्यंत चौथरा रिकामा झाला होता. परत लावायचा म्हणून व्हॉल्व्ह टेस्ट बेंचवर घेतला. टेस्ट साधी असते. व्हॉल्व्ह बंद करायचा, एका बाजूनं दाबानं पाणी सोडायचं, दुसऱ्या बाजूला बघत राहायचं. तिथं थेंब दिसायला नको. आम्हाला धार दिसली.

विवेक सर बेंचपाशी उभे होते. त्यांचा चेहरा उतरला.

“इतकी वर्षं गळला नाही आणि आपल्याकडे येऊन गळला?”

“हो सर,” मी म्हणाले.

“सोनवणे, चालता व्हॉल्व्ह नेला आणि गळका परत दिला, असं झालं तर त्या कारखान्यात आपला एकही व्हॉल्व्ह पुन्हा लागणार नाही. आणि कारखानेवाले एकमेकांशी बोलतात.”

ते खरंच होतं. शिवाय उद्या तो बसला नाही, तर बॉयलर पेटणारच नव्हता.

लॅपिंग मशीनवर चढवून सीट घासून घेऊ, असं शॉपवाले म्हणाले. सीट म्हणजे व्हॉल्व्हच्या पोटातली कडी. चाक फिरवलं की पाचरीच्या आकाराची एक लोखंडी झडप खाली उतरते आणि अशा दोन कड्यांमध्ये घट्ट बसते. तिला आम्ही वेज म्हणतो. वेज आणि कडी यांच्यात केसाएवढी फट राहिली तरी गळती होते.

“घासू नका रे! घासलेलं परत येत नाय.”

अण्णा आले होते. कंपनी मुलाच्या हाती दिल्यापासून ते रोज सकाळी शॉपमध्ये एक चक्कर मारून घरी जातात. त्या दिवशी गेले नाहीत.

“आधी कुठं गळतंय ते तर बघा. पाणी नुसतं गळतंय म्हणून सांगतं, कुठनं ते सांगत नाय. आमच्याकडं पंप कुठं होता? आम्ही कडीला खडू फासायचो आन्‌ पोटात रॉकेल भरायचो. खडू जिथं ओला, तिथं फट. रेशनचं सगळं रॉकेल शेडमध्ये यायचं. बायको म्हणायची, तुमचा व्हॉल्व्ह गळत नाय, पण माझा स्टोव्ह पेटत नाय!”

रॉकेल आता आणायचं कुठून? जनरेटरचं डिझेल घेतलं. मी दोन्ही बाजूंनी कडीभोवती खडू फासला, पोटात डिझेल ओतलं आणि टॉर्च घेऊन वाकून बसले. हळूहळू डाग उमटले. एका बाजूला खडू वरच्या अंगाला ओला झाला, दुसऱ्या बाजूला खालच्या. मधला भाग दोन्हीकडे पांढराशुभ्र.

मी बराच वेळ बघत राहिले. कड्या झिजल्या असत्या तर डाग कसेही पडले असते. हे तर एकमेकांच्या बरोबर उलट होते. वेजला दोन तोंडं असतात.

“अण्णा, तुम्ही वेज कसा घासायचा?”

“हातानं. मी आन्‌ माझा पार्टनर, दोघं समोरासमोर. ह्या कडीला वेजचं हे तोंड, त्या कडीला ते. आठवडा आठवडा घासायचो. एका कडीचं तोंड दुसऱ्या कडीला कधी लावायचं नाय.”

“तोंडावर खूण करायचात?”

“खूण कशाला? उलटा बसवतंय कोण!”

आम्ही बसवला होता. आमच्या कॉम्प्युटरवर चालणाऱ्या सीएनसी मशीनवर दोन्ही तोंडं इतकी सारखी निघतात, की पोरांनी पुढचं मागं कधी बघितलंच नव्हतं. त्यांचं काही चुकलं नव्हतं, फक्त व्हॉल्व्ह दुसऱ्या काळातला होता.

वेज काढून, तोंडं फिरवून परत बसवला. पुन्हा खडू, पुन्हा डिझेल. खडू कोरडाच राहिला. मग बेंचवर पाण्याचा दाब दिला, नेहमीपेक्षा जास्त वेळ. सगळं शॉप काम सोडून भोवती जमलं होतं. एक थेंब आला नाही. कुठल्या तरी पत्र्याच्या शेडमध्ये दोन माणसांनी हातानं घासलेलं तोंड, आणि आमचं डिजिटल गेज त्यात काही खोट काढू शकत नव्हतं. मी त्या वेजला हात लावून नमस्कार केला. कोणी हसलं नाही.

दुसऱ्या दिवशी व्हॉल्व्ह जागेवर बसला. चार बोटं काय, एक सूतही इकडेतिकडे नाही. अग्निप्रदीपन झालं, नारळ फुटले, पेढे वाटले. वाफेचा दाब चढला, तेव्हा अण्णा, विवेक सर आणि मी लाइनपाशी उभे होतो. व्हॉल्व्ह बंद होता. पुढच्या पाइपाची छोटी तोटी बनकर साहेबांनी मुद्दाम उघडी ठेवली होती. तिच्यातून वाफेचा नुसता सुस्कारासुद्धा आला नाही.

“झकास!” बनकर साहेब म्हणाले. “आता याला हात नका लावू.”

अण्णांचे डोळे भरले होते. “खरं सांगू? पहिल्या हंगामात मी रोज इथं येऊन बसायचो. फुटला तर आपल्या समोर फुटावा म्हणून. हा एवढा टिकंल असं मलाच वाटलं नव्हतं.”

“पण मग लॉबीत काय ठेवायचं?” विवेक सरांनी विचारलं.

“मला बसव तिथं,” अण्णा म्हणाले. “मी रिटायर झालोय. तो नाय झाला.”

चालतं यंत्र विनाकारण खोलू नये, हे आम्ही वर्षानुवर्षं ग्राहकांना सांगत आलो. आता ऑफिसातही सांगतो.