एकविसाव्या वर्षाच्या आत

भिवापूरहून सकाळची छोटी रेल्वेगाडी निघाली तेव्हा मी आणि माझी नात कुसुम समोरासमोर बसलो होतो. आम्ही देवाला निघालो नव्हतो, नागपूरला वकिलाकडे निघालो होतो. कुसुम अकरा वर्षांची असताना वसतिगृहाच्या अधीक्षकाने तिच्या अंगाला हात लावला. वर्षभर छळलं. सुट्टीत आली तेव्हा तिने मला सांगितलं होतं. मी म्हटलं, तोंड बंद ठेव. चूक माझी. नऊ वर्षांनी तिने पुन्हा सांगितलं, तेव्हा ऐकलं.

इतवारी स्टेशनाबाहेर तर्रीपोहे (वर चण्याचा लाल रस्सा घातलेले पोहे) खाल्ले.

"आजी, तिखट हाय, सांभाळून," पोहेवाला म्हणाला.

"आमी भिवापूरचे आहो गा. आणखी घाल."

कुसुम हसली. सकाळपासून पहिल्यांदाच.

रामदासपेठ म्हटल्यावर सायकलरिक्षावाल्याने आम्हाला एका दवाखान्याच्या दारातच नेऊन उभं केलं.

"इथं काहून थांबला?"

"बुढ्या मानसाले रामदासपेठेत दुसरं काय काम रायते?"

"मले काई झालं नाही. वकिलाकडे घे."

पुढचा सगळा रस्ता तो वळून वळून आमच्याकडे पाहत होता.

वकील बाई होत्या. मी सांगायला लागले तर म्हणाल्या, "आजी, तिला बोलू द्या." कुसुमने सगळं सांगितलं, न थांबता. मग बाईंनी शाळेचा दाखला पाहिला आणि चष्मा काढून ठेवला.

"पोलिसांत तक्रार वेगळी, ती करूच. पण नुकसानभरपाईचा दावा अठरा पूर्ण झाल्यापासून तीन वर्षांच्या आत लावावा लागतो. इथे जन्मतारीख एक जुलै आहे. म्हणजे एकवीस वर्षं चार महिन्यांपूर्वीच पूर्ण झाली. मुदत गेली."

"बोलाले मले नऊ वर्षं लागली," कुसुम म्हणाली. "कायद्याले हे समजत नाही का?"

"नाही समजत. ही मुदत वाढवायला पाहिजे, पण आज तरी वाढलेली नाही."

मी म्हटलं, "बाई, ते एक जुलै खोटं हाय."

पहिलीत जायला सहा पूर्ण लागत. कुसुमला सहा महिने कमी होते. मीच गुरुजींना म्हटलं, पूर्ण लिहा. गुरुजी तसंच करत. आमच्या गावची अर्धी पोरं कागदावर एक जुलैलाच जन्मली आहेत. खरी कुसुम पौषातली, आणि कोतवालाने (गावच्या सरकारी नोकराने) तिच्या जन्माची नोंद केली होती.

बाईंनी चष्मा लावला. "चला कलेक्टर कचेरीत. गावच्या जुन्या नोंदी तिथे असतात."

कचेरीतल्या बाबूने दुपारपर्यंत बाकावर बसवलं. मग धूळ झटकत वही आणली. माझ्या लेकाचं नाव होतं, जानेवारीतली तारीख होती, अपत्याच्या जागी नुसतं 'मुलगी'.

"ही तीच कशावरून?"

"माझ्या लेकाले एकच पोरगी झाली. वही पूर्ण पलटून पाह्यना, गा."

त्याने खरंच पलटली. दुसरी सापडली नाही. नक्कल मिळाली. खऱ्या तारखेने एकवीस पूर्ण व्हायला सव्वादोन महिने शिल्लक होते. कुसुमने त्याच बाकावर वकीलपत्रावर सही केली.

परतीच्या गाडीत चाळिशीची एक बाई समोर बसली होती. "कोनाच्या घरी गेल्ता वं?" तिने विचारलं. मी काहीतरी सांगणार, तेवढ्यात कुसुम म्हणाली, "दावा लावाले गेलतो." कशाबद्दल तेही सांगितलं, आवाज न पाडता.

मग त्या बाईने विचारलं, "कितव्या वर्षापरेंत लावता येते?"

"एकविसाव्या," मी म्हटलं. ती खिडकीबाहेर पाहू लागली.

"मावशी," कुसुम तिच्याजवळ सरकली, "पोलिसातल्या तक्रारीचं वेगळं रायते. वकीलबाईले इचारून तं पाहा." तिने पत्ता लिहून दिला. बाईने तो पदराच्या गाठीत बांधला आणि उमरेडला उतरली. फलाटावरून तिने कुसुमला हात केला.

भिवापूर येईपर्यंत मी त्या एकवीसचाच विचार करत होते. माझ्यासारख्या आज्या पोरींची तोंडं बंद करतात, त्यात वर्षं जातात. ती वर्षं पोरींच्या मुदतीतून का कापायची? कायदा करणाऱ्यांनी हे बदलावं. बदलतील. कुसुमसारख्या पोरी आता हळू आवाजात बोलत नाहीत.