काळ्या कडेतले दोन दात

"नंदाताई, प्रोजेक्टर तुम्हीच सांभाळा हं! घाबरू नका, त्याला टोपी नसते!"

उदय परचुरे हे भर गणपतीत बोलला. आरती नुकती झालेली, साठेक माणसं प्रसादाचे द्रोण घेऊन उभी. लंडनजवळच्या इल्फर्डच्या शाळेचा तो भाड्याचा हॉल खदखदून हसला आणि नंदा शेजवलकरही हसली. अकरा महिने ती हसतच आली होती.

उदय तिथल्या मराठी मंडळाचा सांस्कृतिक सचिव. वेम्बलीला चष्म्यांचं दुकान, बोलण्यात पुढे. गेल्या ऑक्टोबरात, म्हणजे अठ्ठ्याऐंशी साली, मंडळातले सहाजण केनियाला फोटोग्राफी सफारीवर गेले ते त्याच्याच पुढाकाराने. नंदा फोटो लॅबमध्ये नऊ वर्षं लोकांच्या लग्नांचे आणि समुद्रकिनाऱ्यांचे प्रिंट काढत होती. दुसऱ्यांनी पाहिलेलं धुऊन द्यायचं, हेच काम. एकदा आपणही काहीतरी पाहावं म्हणून ती गेली.

चौथ्या दिवशी किमानीने, त्यांच्या गाईडने, जीप एका बाभळीखाली थांबवली. वर फांदीवर बिबट्या, पुढ्यात अर्धवट खाल्लेलं हरीण. बिबट्या तोंड फिरवून बसलेला. बाकीचे पाच मिनिटांत कंटाळले. उदयने तोंडावर हॅट ओढली आणि चक्क घोरायला लागला. नंदा चाळीस मिनिटं कॅमेऱ्याला डोळा लावून उभी राहिली. मान अवघडली, घाम डोळ्यांत गेला. मग बिबट्याने वळून थेट तिच्याकडे पाहिलं. खट्!

"मिळाला," किमानी हळूच म्हणाला. "तो तुझ्याकडेच बघत होता, मामा." तिकडे बाईला आदराने तसंच म्हणतात.

नैरोबीहून नंदाला भाचीच्या लग्नाला मुंबईला जायचं होतं. उन्हात, विमानतळांच्या एक्स-रेत रोल नासतील, म्हणून उदय म्हणाला, "द्या इकडे. मी लंडनहून सगळ्यांचे एकदम धुवायला पाठवतो." तिने स्लाईडचे तीन रोल दिले. दोन नीट परत आले: झेब्रे, पाणघोडे. तिसऱ्या पाकिटात निव्वळ काळी पट्टी.

"एक्स्पोजच झाला नाही हो," उदय हळहळला. "लेन्सची टोपी काढायची राहिली बहुतेक. होतं असं नवख्यांचं."

नवख्यांचं! तिच्या कॅमेऱ्याला टोपी लावली की बघणाऱ्यालाही मिट्ट अंधार दिसतो, हे कुणाला सांगणार? मंडळात टोपी मात्र चिकटली. "नंदाताई, पोळ्या लाटताना टोपी काढलीत ना?" "नंदाताई, दार उघडायच्या आधी टोपी!"

मार्चमध्ये उदयकडे जेवायला गेली, तर दिवाणखान्याच्या भिंतीवर तिचा बिबट्या. सोनेरी चौकटीत. खाली स्पर्धेतल्या पहिल्या बक्षिसाची फीत.

घास तोंडातच फिरत राहिला. ओरडावं? कोण विश्वास ठेवणार? तिने दोनदा श्रीखंड मागून घेतलं आणि वाट बघायचं ठरवलं. तिच्याकडे एक गोष्ट होती, जी उदयला ठाऊक नव्हती.

लॅबमधल्या म्हाताऱ्या स्टॅनने तिला कॅमेरा घेतल्या दिवशीच एक जुनी रीत शिकवली होती. मागचं झाकण उघडायचं, फिल्म जिथे टेकते त्या खिडकीच्या कडेला बारीक कानशीने दोन खाचा घासायच्या. मग प्रत्येक फोटोच्या कडेला दोन इवले दात उमटतात. कायमचे. स्लाईडच्या पुठ्ठ्याखाली ते झाकले जातात, एवढंच.

म्हणून आज, उदय सफारीच्या स्लाईड्स दाखवणार होता तेव्हा, प्रोजेक्टर तिला हवाच होता.

मध्यंतरात उदय चिवडा खात शाबासक्या गोळा करत होता, तेव्हा नंदा त्याच्या स्लाईड्सचा ट्रे घेऊन हॉलच्या स्वयंपाकघरात शिरली. बिबट्याचा पुठ्ठा नखाने सोडवला. दात नसले तर? यानं मूळ फिल्म घरी ठेवून नक्कल आणली असली तर?

तिने फिल्म ट्यूबलाईटसमोर धरली. काळ्या कडेत दोन दात लखलखले.

"अरे चोरा!" ती पुटपुटली, आणि फिल्म रुंद तोंडाच्या काचेच्या फ्रेममध्ये बसवली, कड पूर्ण दिसेल अशी. पर्समधून आपल्या चार तयार स्लाईड्स काढून ट्रेमध्ये पुढेमागे लावल्या.

दिवे गेले. उदय पडद्याशेजारी उभा राहून रंगात आला होता. "तासभर, मंडळी, तासभर श्वास रोखून मी उभा! बाकी सगळे झोपलेले. आणि मग..."

नंदाने बटण दाबलं. झेब्रे. वरच्या कडेत दोन दात.

"हे कुठून आलं?" उदय गोंधळला.

"माझे आहेत," नंदा मागून म्हणाली. "बघा तर."

पाणघोडा. दोन दात. पाणघोड्याचं पिल्लू. दोन दात. मग उदयचा सिंह: कड सरळ, स्वच्छ. आणि मग बिबट्या, पडदाभर, डोळे रोखून.

पहिल्या रांगेतून सिंधुबाईंचा खणखणीत आवाज आला. त्या पंचाहत्तरीच्या, मंडळात त्यांच्यापुढे कुणाचं चालत नसे. "अगं नंदा, याच्यावरपण ते दोन ठिपके आहेत की! तुझ्या चित्रांसारखे!"

"हो ना सिंधुबाई? सिंहावर नाहीत बघा." नंदाने आपला कॅमेरा, मागचं झाकण उघडून, शेवटच्या रांगेत दिला. "आतल्या या दोन खाचा मी स्वतः घासल्यात. बोट फिरवून बघा, पुढे द्या."

कॅमेरा हातोहात पुढे सरकला. अंधारात नखं खाचांवरून फिरताना ऐकू येत होती.

"अहो, रोल मिक्स झाले असतील!" उदय हसायचा प्रयत्न करत होता. "नंदाताई, घरचीच माणसं आपण. बाजूला बोलू ना. तुमचं नाव लावतो मी, प्रॉमिस."

"मिक्स झाले? मग तासभर श्वास कुणी रोखला, उदयराव?"

तिला त्याची दया येईल असं वाटलं होतं. नाही आली. उलट पोटात गोड ऊब पसरली, थंडीत चहाचा पहिला घोट घ्यावा तशी.

"थांबा, तुमची एक स्लाईड राहिलीय. तुम्हीच दिली होतीत, जपून ठेवली मी."

बटण. ती काळी पट्टी, कापून फ्रेममध्ये बसवलेली. पडदा गायब झाला, उदयही गायब झाला. नुसता त्याचा श्वास ऐकू येत होता.

"काय रे उदय," काळोखातून सिंधुबाई म्हणाल्या, "टोपी काढलीस का?"

हॉल फुटला. पोरं बाकांवर हात आपटू लागली. कुणीतरी म्हणालं, "नंदाताई, आता लावा दिवे."

नंदाने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. बटणावर अंगठा तसाच ठेवून तिने मनात साठ आकडे मोजले, आणि मग, घाई काहीच नव्हती म्हणून, पुन्हा एकपासून सुरुवात केली.