तुरीची तीन नावं

बदनापूरच्या कृषी महाविद्यालयात तुरीच्या मर रोगावर प्रबंध लिहीत होतो, तेव्हा ग्रंथालयातल्या एका सहायकांशी रोज गाठ पडायची. संगणकासमोर ते कधी बसत नसत. उभ्यानेच, एका बोटाने टाइप करत. संशोधन लेखांच्या सीडीत मी दोन दिवस प्रबंधाचं अख्खं शीर्षक टाकून शोधत होतो. उत्तर एकच यायचं, शून्य. यावर कुणी लिहिलंच नाही, आता विषय बदलावा, असं ठरवून उठलो.

"थांबा जरा," ते म्हणाले. "मघापासून बघून राह्यलो. मशीनला वाक्य कळत न्हाई, शब्द द्या. अन् तुरीला सगळ्या मुलखात एकच नाव थोडंच आहे?"

त्यांनी चिठ्ठीवर तुरीची तीन इंग्रजी नावं आणि शास्त्रीय नाव लिहिलं. मग एकेक टाकत गेले. पडदा खालपर्यंत भरला. आफ्रिकेतल्या शेतांवरचेही लेख होते.

प्रबंध झाल्यावर आभारात त्यांचं नाव घातलं आणि दाखवायला नेलं. त्यांनी ते पेन्सिलीने खोडलं.

"माझं नाव वाचून कोणाला काय सापडणार? त्यापेक्षा चिठ्ठीवरचे ते शब्द लिहा. पुढच्याला जल्दी सापडेल."